बावीस नावं, तेवीस मुठी

श्रावण लागायच्या आत गिरधर बोरसे यांनी इंटरनेटचा प्लॅन तिसऱ्यांदा वाढवला, तेव्हा जळगावच्या त्या कॉलनीत त्यांच्याइतकं मोठं इंटरनेट कुणाकडेच नव्हतं. आधी पन्नासचं होतं, मग शंभरचं झालं, आता तीनशेचं. हे आकडे नेमके कशाचे, ते गिरधररावांना सांगता आलं नसतं. पण महाविद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं, की आकडा मोठा झाला की काम सुधारतं. निदान कागदावर तरी तसं दिसतं.

काम मात्र सुधारत नव्हतं. मुलगा भूपेंद्र कॅनडात, कॅलगरीला. त्याच्याशी रोज संध्याकाळी टीव्हीच्या पडद्यावर बोलणं व्हायचं आणि त्या बोलण्यात एक फट होती. गिरधरराव विचारायचे, "जेवलास का?" पडद्यावरचा भूपेंद्र नुसता बघत राहायचा. एक, दोन, कधी तीन मोजून होईपर्यंत. तेवढ्यात गिरधरराव "तब्येत बरी आहे ना?" हेही विचारून मोकळे व्हायचे आणि उत्तर यायचं, "नाही, अजून नाही." मग पत्नी कुंदाबाई स्वयंपाकघरातून धावत यायच्या. एकदा गिरधररावांनी आधी एक विनोद सांगितला आणि लगेच बोदवडचे मामा वारल्याची बातमी दिली. भूपेंद्र खदखदून हसला. ते हसू विनोदावरचं होतं, पण पोचलं मामांवर.

गंमत सोडा. खरं सांगायचं तर गिरधररावांना त्या फटीची भीती वाटायची. चित्र अडकलेलं नसायचं. भूपेंद्रच्या पापण्या मिटायच्या, उघडायच्या, खांदे श्वासाबरोबर हलायचे. म्हणजे मुलगा समोर आहे, बघतो आहे आणि आपण बोललेलं वाक्य त्याच्यापर्यंत गेलेलं नाही. आपल्या तोंडून तर ते निघालं. मग आत्ता, या क्षणाला, ते आहे कुठे? कुणाच्या कानावर पडत असेल वाटेत? असा विचार आला की ते पंखा बंद करायचे, कारण हातावर काटा यायचा आणि कुंदाबाईंना कारण सांगता यायचं नाही.

एरवी त्यांनी तेही चालवून घेतलं असतं. पण या वर्षी कानबाई त्यांच्या घरी येणार होती.

कानबाई ही देवी खानदेशात घरोघरी बसते, श्रावणातल्या रविवारी. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, तेच दळायचे आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. बोरशांकडे त्यात आणखी एक रीत होती. मोठा माणूस वहीतून नाव पुकारणार, ज्याचं नाव त्यानं स्वतः "ओ" द्यायचा, आणि ओ आला की टोपलीत मूठ पडायची. ओ नाही तर मूठ नाही. टोपलीत पडलेला दाणा परत काढायचा नाही. माणसं पुण्याला, सुरतेला पांगली तसे ओ फोनवरून यायला लागले, तरी रीत तीच राहिली. इतकी वर्षं हे सगळं धुळ्याला, गिरधररावांचे थोरले भाऊ तोतारामनाना यांच्या घरी व्हायचं. नाना फाल्गुनात गेले. त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी नानांच्या नावावर स्वतःच्या हातानं रेघ मारली आणि वही जळगावला पाठवून दिली. स्वतः मात्र येणार नाही म्हणाल्या. प्रकृतीचं कारण सांगितलं होतं.

प्रकृती ठणठणीत होती. कारण वेगळं होतं आणि ते गिरधररावांना चांगलं ठाऊक होतं. मागच्या श्रावणात गिरधरराव अजून नोकरीत होते आणि महाविद्यालयात तपासणी समिती आलेली, त्यामुळे ते आणि कुंदाबाई धुळ्याला गेले नव्हते, फोनवरूनच हजर होते. नानांनी भूपेंद्रचं नाव तीनदा पुकारलं. पडद्यावर भूपेंद्रचा चेहरा तसाच, ओठ मिटलेले. आणि तेवढ्यात या दोघांचाच फोन तुटला. पुन्हा जोडेपर्यंत मुठी संपल्या होत्या. पुढे पौषात भूपेंद्रची गाडी बर्फावरून घसरली आणि तो तीन दिवस दवाखान्यात होता. कुंदाबाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या. माघात एका लग्नात त्या चारचौघांत म्हणाल्या, "मोठ्या माणसांना माझ्या पोराची एक मूठ जड झाली." नाना पंगतीत समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि पाण्याचा पेला उचलला. गिरधररावांनीही ऐकलं आणि जिलेबी मागितली. त्या जिलेबीची त्यांना अजून लाज वाटत होती.

तर, या वर्षी भूपेंद्रचा ओ वेळेवर, खणखणीत आणि सर्वांदेखत आलाच पाहिजे, असं कुंदाबाईंनी ठरवलं होतं. त्यासाठी तीनशेचा प्लॅन.

तीनशेचा प्लॅन लागूनही फट तशीच राहिली, तेव्हा गिरधररावांनी लाइनवाले जब्बारभाई यांना बोलावलं. त्यांच्या पाठोपाठ शेजारचे वनाभाऊही आले. वनाभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठेही काही अडलं की ते नियंत्रण करायला जात.

जब्बारभाईंनी लॅपटॉप उघडला, आकडे बघितले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा रस्ता आता खूप रुंद झाला. पण अंतर कुठं कमी झालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे," वनाभाऊ मध्येच म्हणाले, "चाळीस सीटची गाडी काढून साठची लावली. माणसं जास्त बसतील. धुळ्याला पोचायला वेळ तेवढाच."

"बराबर," जब्बारभाई म्हणाले. "वरून पारोळ्याला गर्दी लागली तर अजून खोळंबा. वहिनींचा फोन दिवसभर लग्नाचे व्हिडिओ वर चढवत बसतो, त्याच्या मागं तुमचा आवाज रांगेत उभा राहतो. टीव्हीला वायर नाही, दोन भिंतींतून हवेतून चाललंय. ते मी ठीक करून देतो. पण कॅलगरीचा पाव सेकंद कुणालाच काढता येणार नाही. वायरीत उजेड पळतो, आणि उजेडालासुद्धा तिथं जाऊन यायला तेवढा वेळ लागतोच. उशीर कमीजास्त होईल. त्याच्या आत उत्तर येणार नाही."

"आणि धुळं?"

"धुळ्याचा आवाज आधी मुंबईला जातो, तिथून इकडे येतो."

हे मात्र वनाभाऊंना अजिबात पटलं नाही. अडीच तासांवरच्या गावचा आवाज मुंबईमार्गे का, याची रीतसर तक्रार करावी असं त्यांनी सुचवलं आणि अर्जाचा मसुदाही तोंडी सांगितला. गिरधररावांनी तो सवयीनं लिहूनही घेतला. जब्बारभाईंनी टीव्हीला वायर जोडली, कुंदाबाईंच्या फोनला शिस्त लावली आणि फट अर्ध्या सेकंदावर आणून ठेवली. आता काही चुकणार नाही असं गिरधररावांना मनापासून वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुठी घ्यायच्या होत्या. कॅलगरीला तेव्हा सकाळ असते. पाटावर गहू, शेजारी टोपली, टोपलीशी कुंदाबाई, टीव्हीसमोर वही घेऊन गिरधरराव. घरात हे दोघंच. भाऊबंद सगळे पडद्यावर, चार चौकटींत. पुणे, सुरत, धुळे आणि कॅलगरी. धुळ्याच्या चौकटीत पुतण्या आणि त्याची मुलं दिसत होती, मंजुळाबाई दिसत नव्हत्या. रेघ मारलेलं एक नाव सोडून बावीस नावं होती. गिरधररावांनी घसा साफ केला आणि सेवापुस्तक वाचावं तशा आवाजात सुरुवात केली.

चौदा नावं सुरळीत गेली. नाव, छोटीशी फट, ओ, मूठ. पंधरावं नाव भूपेंद्रचं.

"भूपेंद्र," गिरधरराव म्हणाले.

"ओ."

फट पडलीच नाही. नावाला लागूनच ओ आला. आधी कुणीतरी हलकेच खाकरलं आणि मग तो ओ, जरा लांबवलेला, शेतातून घराकडे द्यावा तसा. कुंदाबाईंचा चेहरा उजळला, त्यांनी सव्वा मूठ टोपलीत सोडली. गिरधररावांनी पुढच्या नावासाठी मान खाली घातली आणि मग पुन्हा वर केली, कारण पडद्यावरचा भूपेंद्र अजून तसाच बसला होता. ओठ मिटलेले. पापण्या मिटल्या, उघडल्या. खांदे वर झाले, खाली आले.

मग त्याचे ओठ हलले. "ओ," भूपेंद्र म्हणाला, "आहे मी, पप्पा."

कुंदाबाईंच्या हाताला ओ आला की मूठ सोडायची एवढंच ठाऊक. त्यांनी दुसरी मूठ सोडली आणि सोडल्यावर त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

उरलेली सात नावं गिरधररावांनी कशी वाचली ते त्यांनाच आठवत नाही. शेवटी बावीस नावं झाली आणि टोपलीत तेवीस मुठी. "मागच्या वर्षी नावं तेवीस होती," कुंदाबाई म्हणाल्या. मागच्या वर्षी नाना होते. पण तो ओ कुणाचा वाटला, हे नवऱ्यानं बायकोला विचारलं नाही आणि बायकोनं नवऱ्याला सांगितलं नाही. दोघांनी मिळून टोपलीवर फडकं टाकलं.

पुण्याच्या पुतण्यानं सगळं रेकॉर्ड केलं होतं. गिरधररावांनी ते मागवून सहा वेळा ऐकलं. त्यात गिरधररावांचा आवाज होता, "भूपेंद्र." मग शांतता. कुंदाबाईंच्या बांगड्यांचा आवाज, गहू पडल्याचा आवाज. मग भूपेंद्रचा ओ. पहिला ओ नव्हताच. पुण्याला कुणी ऐकला नव्हता, सुरतेला नाही, धुळ्याला नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं होतं, की कुंदाकाकूंनी कुणीही काही न बोलता मूठ टाकली. सुरतेच्या सूनबाईंनी तर काकूंना साखर तपासून घ्यायला सांगितलं.

अशा वेळी शहाणा माणूस देवाचं नाव घेतो. गिरधररावांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. नेट बंद असल्यास एक दाबा, नेट हळू असल्यास दोन दाबा. त्यांच्या तक्रारीला आकडाच नव्हता. शेवटी दोन दाबून त्यांनी एका मुलीला गाठलं.

"सर, आपली अडचण काय आहे?"

"उत्तर लवकर आलं."

"लवकर म्हणजे, सर?"

"समोरच्यानं द्यायच्या आधी."

थोडा वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. "सर, तर मी आपण स्पीडबद्दल समाधानी आहात असं नोंदवू का?"

गिरधररावांनी आयुष्यात शेकडो लोकांची गाऱ्हाणी चुकीच्या रकान्यात नोंदवली होती. आपलं तसं नोंदवलं जाताना कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. फोन ठेवताच आभाराचा मेसेजही आला.

शनिवारी सकाळी दहाला जब्बारभाई पुन्हा आले, आणि अर्थात वनाभाऊही. जब्बारभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, उशीर समजतो मला. उशिराला दहा कारणं आहेत. आधी यायला एकही नाही. तुमच्या कॅलगरीचं जाऊन-येऊन बघा, पाव सेकंदाच्या वरच आहे. शून्य कसं येईल?" आता चमत्कार असा, की दोन महिने ज्या उशिराच्या नावानं गिरधरराव बोटं मोडत होते, त्याच उशिरासाठी ते गयावया करू लागले. उशीर नक्की नव्हता का? आदल्या दिवशीचा एखादा ओ कुठे मागे राहून तेव्हा पोचला असेल का? वनाभाऊंनी पाठिंबा दिला; त्यांच्या नोकरीत सोमवारची गाडी मंगळवारी आल्याचं त्यांनी पाहिलं होतं. जब्बारभाई नाही म्हणाले. एवढा वेळ रांगेत थांबलेला आवाज फेकून दिला जातो, साठवून ठेवला जात नाही.

"तुमची खात्री करून देतो," ते म्हणाले आणि त्यांनी राउटरची वायर भिंतीतून उपटली. हिरवे दिवे विझले. टीव्हीवर नुसता निळा पडदा राहिला. "आता जग तुटलं. भूपेंद्रबाबा तिकडे झोपले असतील. आता हाक मारा. काही येणार नाही."

गिरधररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वहीत बघून मारू का, असंही विचारलं. तेवढ्यात कुंदाबाई ओल्या हातानं बाहेर आल्या आणि जेवायला बोलवावं तशा आवाजात निळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "भूपेंद्र."

कुणीतरी खाकरलं. "ओ."

तो आवाज टीव्हीतून आला असं म्हणता येत नव्हतं. तो खोलीत आला, दाराजवळून, जिथे उन्हाचा चौकोन पडला होता तिथून. चौघांनीही तिकडे बघितलं. उन्हात कुणी नव्हतं. वनाभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा काहीही सुचवलं नाही.

जब्बारभाईंनी वायर गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला. "साहेब, मी लाइनचा माणूस. हा आवाज लाइनवरचा नाही." दारापर्यंत जाऊन ते थांबले. त्या चौकोनावरून पाय टाकून जावं की वळसा घालावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी वळसा घातला. "आमचे अब्बा गेले त्या वर्षी माझ्या बायकोनं, जमीलानं पण असा आवाज..." एवढं म्हणून ते पैसेही न घेता गेले.

"नाना आहेत," कुंदाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या, तशाच, ओल्या हातांनी. "मी बोलले ते मनात धरून आलेत. माझ्या पोराचं नाव घेतलं की ते उठतात. त्याची जागा घेतात. पहिली मूठ त्यांची पडली हो, माझ्या पोराची नाही." आणि त्या रडायला लागल्या. गिरधररावांनाही तीच भीती वाटत होती, आणि मेलेल्या भावाची भीती वाटते म्हणून स्वतःची चीडही येत होती.

वनाभाऊंना हळूहळू वाचा फुटली. तेविसावा रोट गाईला घालावा, नाहीतर मेहरुणच्या तलावात सोडावा, नाहीतर दळणच बदलावं. एकेक मार्ग सुचवून त्यांनी स्वतःच तो रद्द केला, कारण टोपलीतलं परत घेता येत नाही आणि भाऊबंदांबाहेर देता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "गिरधरराव, जादा गाडी सुटली आहे. सुटलेली गाडी परत लावता येत नाही. कुठे पोचवायची ते वरच्या ऑफिसला विचारायचं. तुमचं वरचं ऑफिस धुळ्याला."

जायची इच्छा अजिबात नव्हती. माघापासून गिरधररावांनी वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. नानांच्या दहाव्यालासुद्धा ते मांडववाल्याशी बोलण्यात गुंतून राहिले होते. तरी साडेअकराच्या गाडीत ते बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. वहिनींपुढे काय बोलायचं त्याचे तीन मसुदे त्यांनी मनात केले आणि तिन्ही रद्द केले.

धुळ्यात, देवपुरातल्या घरात मंजुळाबाई एकट्याच होत्या, सुपात मूग निवडत. त्यांनी पाणी दिलं, चहा केला, कपाशीची चौकशी केली, जी गिरधररावांनी गेल्या चाळीस वर्षांत लावली नव्हती. शेवटी गिरधररावांनी सगळं सांगून टाकलं. शुक्रवारचं, शनिवारचं, रेकॉर्डिंगचं, उपटलेल्या वायरीचं. जिलेबीचंही सांगितलं. ते मसुद्यात नव्हतं.

मंजुळाबाई दचकल्या नाहीत. मुगातला एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "आगोदर खाकरनात का?"

"हो."

"नि मंग ओ. लांबाडीसन."

"हो, वहिनी."

त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. गिरधररावांना वाटलं, रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दुसरंच होतं. माणूस परगावाहून सुखरूप पोचल्याचा फोन यावा तसं.

"मांगला साले तुमना फोन तुटी गया," त्या म्हणाल्या. "तुमना भाऊनी पोऱ्यानं नाव तीनदाव घिदं. त्याना आवाज काही उना नही. मी म्हनं, ऱ्हाऊ द्या, पुढलं नाव घ्या. त्या माले म्हनेत, कोनीबी मूठ राही जावाले नको. वही बाजूले ठेवी, खाकरनात, नि सोताच ओ दिना. बठ्ठा भाऊबंदसना समोर. मूठ मीच टाकी, ह्या हातघाई." त्यांनी हात पुढे केला, जणू गहू अजून त्यात होते. "कोनी तरी म्हने, अशी रीत नही. तं म्हनेत, पोरगा दूर शे. त्याना आवाज येवाले येळ लागस. तवलोंग मी बोलस."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. गिरधररावांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"मग त्या लग्नात... नाना काही बोलले का नाहीत? तुम्ही सांगायचं होतं, वहिनी."

"तिनी इचारं नही, मी सांगं नही," मंजुळाबाई म्हणाल्या. "नि तुमना भाऊ बठ्ठासले म्हनेत, माय शे, भ्यायेल शे, बोलू दे. पोऱ्या बर्फमा पडना, पन उठना ना?"

गिरधररावांना रडू आलं. अधीक्षकपदावरून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी, दुपारी, मुगाच्या सुपासमोर रडू यावं हे शोभत नाही. पण ते आलं आणि वहिनी मूग निवडत राहिल्या, म्हणून ते नीट रडून झालं. मग त्यांनी कुंदाबाईंना फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे काहीच आवाज नव्हता. एरवी एवढी शांतता पडली की गिरधरराव तीनदा हॅलो म्हणून, फोन हलवून, कंपनीचा उद्धार करत. आज त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं कुंदाबाई म्हणाल्या, "वहिनींना द्या."

मंजुळाबाईंनी फोन घेतला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. गिरधररावांना फक्त शेवटचं ऐकू आलं, "दळन मांडू नको. मी येस."

त्यांनी एक पिशवी भरली, गॅस बघितला, देवापुढचा दिवा शांत केला. गिरधरराव पायरीवर उभे होते. मंजुळाबाई बाहेर आल्या, दार उघडं ठेवून बाजूला झाल्या आणि आत बघून म्हणाल्या, "चाला." एका माणसाला उंबरा ओलांडायला लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या. मग त्यांनी कुलूप लावलं.

गाडीला गर्दी होती, तरी तिघांचं एक बाकडं मिळालं. मंजुळाबाई खिडकीशी बसल्या, मधल्या जागेवर त्यांनी काहीच ठेवलं नाही, पिशवी मांडीवर घेतली. गिरधरराव कडेला अर्धे बाहेर बसले. कंडक्टर आला, त्यानं दोन तिकिटं फाडली, मधल्या जागेकडे बघितलं आणि पुढे गेला. पारोळ्याला माणसं चढली. एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाकड्याशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, मध्ये कुणी आहे का?"

मंजुळाबाई बाहेर बघत होत्या. शेतांवर ऊन उतरत होतं. गिरधररावांनी एकतीस वर्षांत पुराव्याशिवाय कुणाची हजेरी लावली नव्हती. त्यांनी मधल्या जागेकडे बघितलं, जरासं आणखी बाहेर सरकून घेतलं आणि ते म्हणाले, "हो, आहेत."

गृहस्थ पिशव्या सांभाळत मागे निघून गेले.